हातचा

शेफील्डच्या आमच्या स्वयंपाकघरात
जेवायचं टेबल म्हणजे एक जुना दरवाजा आहे,
मूठ अजून कोणी काढलेली नाही.
नकाशा पसरला की ती बरोबर वेल्सखाली येते
आणि तिथे एक जास्तीचा डोंगर उगवतो.

गाडी अलास्टरची होती. म्हणजे त्याच्या आईची.
मंगळवारी रात्री निरोप आला,
आई म्हणते, विम्यात तुम्ही कोणी बसत नाही.
गाडीमागोमाग तोही गळला.

उरलो तिघं.
मी. सेरेन, जिचं आजोळ तिकडचं.
आणि इफेयी, ज्याने जन्मात एकदाच तंबू ठोकलाय,
तोही दुकानात, विकताना.

गाडी होती तेव्हा नकाशा घडीतच होता.
साडेतीन तास, एक टाकी पेट्रोल,
मधलं काही वाचायची गरज नव्हती.
आता बोट ठेवून वाचतोय
कुठे रूळ संपतात, कुठे पायवाट ठिपक्याठिपक्यांची होते,
कुठे ओढ्यावर पूल आहे
आणि कुठे नुसताच ओढा.

गावांची नावं सेरेन शिकवते.
जीभ टाळूला लाव, म्हणते, आणि बाजूने वारा सोड.
आमच्याकडून नुसती थुंकी उडते.
बदल्यात मी तिला ‘केळं’ दिलं.
दोन दिवस ती ‘केलं, केलं’ करत हिंडली,
काय केलं ते सांगेना.
तिसऱ्या दिवशी साल सोलता सोलता
अचानक तिचा ळ लागला,
तेव्हा इफेयीने डबा वाजवला.

माझे बाबा कणकवलीच्या आगारात वाहतूक नियंत्रक होते.
काचेमागून, घसा बसेपर्यंत,
लोकांना त्यांच्या गाड्या दाखवायचे.
घरीही त्यांचं एकच सांगणं:
शेवटची गाडी आपली समजू नये.
तिच्या आधीची आपली. शेवटची म्हणजे हातचा.

तेच धरून मी कागद केला.
सहा चाळीसची रेल्वे, मग दोन बदल्या,
एका ठिकाणी नऊ मिनिटं, पूल ओलांडून पलीकडचा फलाट,
पाठीवर बिऱ्हाड.
प्रत्येक गाडीमागे एक गाडी राखून ठेवली.
फक्त टोकाची बस राहिली.
ती शनिवारी येते, मंगळवारी येते,
आदल्या दिवशी फोन केला नाही
तर फाट्यावरून आत वळतसुद्धा नाही.

फोन केला. बाईंनी विचारलं, किती जण?
तीन.
बुटांना चिखल असेल तर वर्तमानपत्र आणा, सीट माझ्या आहेत.
मग लक्षात आलं, चालवतातही त्याच.
मंगळवारी साडेपाचला फाट्यावर उभे राहा, म्हणाल्या,
नसलात तर दहा मिनिटं थांबेन.
आणि मग?
मग जाईन.

रात्री बाबांना विचारलं,
दिवसाला एकच बस असेल तर हातचा कुठून आणायचा?
पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला.
इतकी वर्षं गाड्या सोडलेला माणूस
बराच वेळ काही बोलेना.
मग म्हणाले, तांदूळ जास्त घे.

बाथरूममधल्या वजनकाट्यावर पिशव्या चढवल्या, उतरवल्या.
माझं जाड पुस्तक गेलं, सेरेनची दुसरी चादर गेली,
कंगवा तिघांत एक.
तांदळाच्या पिशवीवर मात्र वाद झाला नाही,
इफेयीने ती गुपचूप आपल्या तंबूत गुंडाळली.

फ्रिजवर आता कागद आहे.
शनिवार, मी लिहिलं. पुढे ‘सकाळ’ सेरेनला लिहायचं होतं.
स आणि क कसेबसे, वाकडे,
पण ळ तिने ऐसपैस काढला.
बघ, म्हणाली, आडवी टाकलेली सायकल.
आम्ही तिघं बघत राहिलो.
आमच्या नावावरची
दोन चाकं.