दोरीची कडी

कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी
रोहिणी आता आणखी एक खूण करते.
फुली म्हणजे आजही नाही.
ही चौथी.

आर्वी, वय साडेचार, पडद्यामागे उभी आहे,
टाचा उचललेल्या, गुडघे जुळवलेले, तोंड लालबुंद,
आणि म्हणते, मी काही करत नाहीये.
आम्हाला वाटायचं, जोर लावतेय.
लावत होतीच,
पण उलट्या बाजूने.

रात्री पोट दुखतं.
बेंबीवर बोट ठेवून सांगते,
"इथे कुणीतरी बसलंय, उठत नाही."
खालच्या मजल्यावरच्या भोईर काकू हिंग कालवून आणतात,
बेंबीभोवती गोल गोल फिरवतात,
मध्यरात्री कोपरखैरण्यात आमच्याच घरी
फोडणीचा वास.
मनुका भिजवल्या. वाशीच्या मार्केटातून पपई आणली,
तिने बिया मोजल्या, पपई नाही खाल्ली.
एकदा मी दारातून ओरडलो,
झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही!
आतून नुसता नळ ठिबकत राहिला.
तो नळ मला अजून ऐकू येतो
पाम बीचच्या सिग्नलवर, इंजिन चालू असताना.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं,
कणीक मुरली का बघावी तसं.
"हट्ट नाही हा. भीती आहे.
एकदा दुखलं, मग तिने ठरवलं, पुन्हा नको.
जितकं धरते तितकं घट्ट होतं,
घट्ट झालं की आणखी दुखतं."
मग तिलाच विचारलं, शाळेत जातेस का गं?
आर्वी माझ्या शर्टाच्या बटणाशी बोलली:
"तिथे कडी लागत नाही."

एवढंच होतं.
जूनपासून एवढंच होतं.

"घरात अजून कुणी धरून ठेवतं का?"
त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.
मी बस चालवतो. घणसोलीहून निघालो
की वाशीपर्यंत उतरायला मिळत नाही,
म्हणून सकाळी पाणी मोजून पितो.
वडील माथाडीत होते, पाठ धरून ठेवायचे.
आई रडू धरून ठेवायची, भाकरी थापताना.
आमच्या घराण्यात धरून ठेवणं
सगळ्यांना फार छान जमतं.
हे मी बाईंना बोललो नाही.
हेही धरलं.

औषध गोड होतं. रोज, मधेच बंद न करता.
पायाखाली निळं स्टूल. जेवणानंतर दहा मिनिटं.
ओरडायचं नाही, हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं.
आणि साबणाचे फुगे:
फुंकलं की पोट आपोआप खाली ढकलतं म्हणे.

मी दाराला आतून, तिच्या खांद्याइतक्या उंचीवर
एक खिळा ठोकला, दोरीचा फास बांधला.
बोटाने ढकललं तरी उघडेल अशी कडी.
तिने ती सतरा वेळा लावून पाहिली.
मग मी बाहेर पाट टाकून बसायचो, सुट्टीच्या दिवशी,
आणि वरच्या झडपेतून
एखादा फुगा बाहेर यायचा, डगमगत,
माझ्या डोक्यावर फुटायचा.
पहिल्या आठवड्यात फक्त फुगे.
दुसऱ्यात एक दिवस थोडंसं, आणि खूप रडणं.
फुल्या काही लगेच थांबल्या नाहीत.

मग एका मंगळवारी, तुर्भे नाक्याच्या स्टॉपवर
फोन थरथरला. रोहिणी. एकच शब्द:
झाली.
खाली फोटो.
अगं, फोटो कशाला?

कंडक्टर लोखंडे मागून वाकले.
"काय झालं?"
"झाली."
"अरे वा! मुलगी? पण वहिनी तर..."
मी एवढा हसलो
की पुढच्या सीटवरच्या बाईंनी पर्स घट्ट धरली.

वाशीला पोचलो तेव्हा बारा मिनिटं उशीर होता.
लोक चढत होते. लोखंड्यांनी घंटीला हात घातला.
मी म्हटलं, थांबा जरा,
आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा
गाडी बंद करून, चावी खिशात टाकून
निवांत जाऊन आलो.