हरणतळ्याची माती

मे महिन्यात हरणतळ्याचा तळ उघडा पडला
तेव्हा मी पाईप उभा धरला
आणि लिंबाजी घुगेनं घण उचलला.
दर घावाला पाच सेंटिमीटर,
म्हणजे साधारण शंभर वर्षं.
अठ्ठेचाळिसाव्या घावाला आवाज बदलला.
'मुरूम लागला,' तो म्हणाला, आणि घण टेकवून
धारूरच्या डोंगराकडं बघत बसला.

अंबाजोगाईला, कॉलेजच्या मागच्या खोलीत,
मी त्या मातीतला चुना आधी घालवते,
मग कुजकं-नासकं, मग वाळू.
वाळू खाणारं आम्ल काचही खातं,
म्हणून ते प्लास्टिकच्या भांड्यात, खिडकीपाशी, श्वास धरून.
एवढं सोसून जे तळाशी उरतं
ते परागकणांचं कवच.
गंध गेला, रंग गेला,
काटे, खाचा, भोकं तेवढी राहिली,
म्हाताऱ्या बाईच्या हातावरच्या गोंदणासारखी,
कुणाकडची आहे ते सांगणारी.

एका काचपट्टीवर तीनशे मोजायचे.
वरच्या चार बोटांत बघायला नको:
काँग्रेस गवत, काँग्रेस गवत, बाभूळ, काँग्रेस गवत.
पंधरा सेंटिमीटरवर पहिला मका,
भला थोरला, गोल, परक्या गावात
चुकून उतरलेल्या पाहुण्यासारखा एकटाच.
त्याच्याखाली गवत आणि ज्वारी.
दोघींचा चेहरा एक, ज्वारी जरा थोराड,
तरी मी तीनदा खोडून लिहिलंय.

एकशे बारा ते एकशे सव्वीस
काहीच नाही.
पाचही पट्ट्या कोऱ्या, थोडा कोळसा.
तळं आटून भेगाळलं की हवा आत शिरते
आणि परागही कुजतात.
माझ्या तक्त्यात तिथं पांढरा पट्टा आहे,
पावणेतीनशे वर्षांचा.
त्या पट्ट्यात कोण कुठं गेलं, काय खाल्लं,
मला सांगता येणार नाही.

आणि दोन मीटरच्या खाली, एका गुरुवारी,
वावळ.
आधी दोन कण, मग सतरा, मग मोजणीयंत्र दाबून अंगठा दुखेपर्यंत वावळ,
आणि त्यांच्यामधे नेच्याचे बीजाणू.
नेचा! या डोंगरात,
जिथं टँकरच्या पाईपाखाली तेवढं शेवाळ धरतं.
मी खुर्ची मागं सरकवली आणि
नळावर जाऊन उगीचच तोंड धुतलं.

लिंबाजीला फोन केला.
'वावळ?' तो म्हणाला, 'अवो, त्या खालच्या अंगाला
वावळदराच म्हणतो की आम्ही.
झाड मात्र आमच्या आज्यानं बी पाहिलं नाही.'

तेव्हापासून तालुक्याचा नकाशा
मी टेबलावरच ठेवलाय.
वाऱ्यावर उधळणारी झाडं मातीत सापडतात.
मधमाश्यांवर विसंबलेली बहुतेक मुकी राहतात,
आंबा गप्प, मोह गप्प, पळस तर जन्माचा अबोल.
पण मोहखेड आहे. आंबेवडगाव आहे.
कुणीतरी कधीतरी सावलीला बसून
पत्ता सांगताना उच्चारलेलं नाव
एसटीच्या पाटीवर अजून धूळ खातंय.
हे कण कोणत्या रकान्यात मोजायचे
ते मला कुणी शिकवलं नाही.

जूनच्या आधी दुसरा पाईप काढायला गेलो.
लिंबाजीनं घण खाली ठेवला, विडी शोधली, सापडली नाही,
तंबाखू मळता मळता विचारलं,
'ताई, मी किती खोल लागंल हितं?'
'वर्षाला अर्धा मिलिमीटर,' मी म्हटलं,
'सत्तर वर्षं जगलात तर साडेतीन सेंटिमीटर.'
त्यानं तर्जनीवर अंगठ्यानं मापलं:
दीड पेर.
'बरं हाय की,' म्हणाला,
तोंडातली तंबाखू घोळवत उठला,
आणि पंचवीस पावलं चालत जाऊन
बांधाच्या पलीकडं थुंकला.