निंबारदे खुर्द

फॉर्ममधला सतरावा रकाना:
गावाचा इतिहास, पाच ओळींत.
सोळा मी एका बैठकीत भरले होते.
कुटुंबं दोनशे बारा,
हातपंप सहा, पैकी दोन बंद,
दवाखाना नाही, स्मशानशेड मंजूर.
सतराव्याशी पेन थांबलं
आणि शेजारी पिठाची गिरणी सुरू झाली.

तीन वर्षं झाली ग्रामसेविका म्हणून येऊन.
रोज शिक्का मारते, रोज नाव उमटतं,
आणि एकदाही मनात आलं नाही
की खुर्द म्हणजे धाकटं,
तर मग थोरलं कुठंय?

सरपंच म्हणाले, असेल शिंदखेड्याकडे.
तलाठ्याच्या नकाशात नव्हतं.
पांझरेच्या पुरात गेलं, म्हणाले हिलालबापू.
प्लेगात उठलं, म्हणाल्या दगूबाई,
आणि चहा संपेपर्यंत
दोघांनी एकमेकांना खोटं पाडलं.

पाटकरी सुकलालला फक्त पाण्याचं कळतं.
पाटाचं पाणी आधी वरच्या फडाला,
मग आपल्या, म्हणाला.
वरचा म्हणजे कोणाचा?
त्याने फावडं खांद्यावर घेतलं
आणि मला मक्यातून चालवत नेलं
एका खोलगट जागेपाशी.

इथे टेकाड होतं, मॅडम. पांढरीचं.
थोरल्या गावाच्या भिंती, चुली, गोठे,
सगळं विरघळून झालेली खारी माती.
आमच्या आज्याने गाड्या भरभरून नेली
धाब्यावर टाकायला.
ही माती चढवली की छत गळत नाही.

म्हणजे बुद्रुक कुठे गेलंच नव्हतं.
खुर्दाच्या डोक्यावर होतं इतकी वर्षं.
त्याच्याखाली बाळंतपणं झाली,
दादरची कणगी भरली, रिकामी झाली,
आणि पावसाळ्यात बाया वर चढून
त्यालाच बडवत होत्या धोपटण्याने.

मग घरकुलं आली. स्लॅब आले.
धाबी उतरवली, माती ट्रॅक्टरने ओढली
आणि हायवेकडच्या नव्या प्लॉटांत
खड्डे बुजवायला टाकली.
वर पेव्हर ब्लॉक.
त्याचं बिल मीच काढलंय:
भराव, मुरूम व माती, एकूण ब्रास अमुक.

एवढं सगळं पाच ओळींत बसवत होते
तर दारात वेडू मालचे.
रेशनकार्डावर सुनेचं नाव लागत नव्हतं,
चौथी खेप.
कागद बघून म्हणाले, काय लिखी र्‍हायनी?
मी सांगितलं: आधी बुद्रुक, मग खुर्द.
ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
"आठे पहिले आम्हीच व्हतूत, बहीन.
दोन्ही गावं मांगून उनात."
आणि तुमच्या वस्तीचं नाव काय होतं तेव्हा?
"नाव कसाले?
आम्हले माहीत व्हतं ना आम्ही कोठे शेतस."

नाल्यापलीकडची भिलाटी.
गावावर चोर येऊ नये म्हणून
यांचे बापजादे रात्र रात्र जागले.
गायरानात आहे म्हणून
कागदावर अतिक्रमण,
आणि अतिक्रमण म्हणून
कुटुंबांत धरायची पद्धत नाही.
मला ही पद्धत पहिल्याच आठवड्यात
आधीच्या भाऊसाहेबांनी समजावली होती,
मी वहीत लिहूनही घेतली होती.

संध्याकाळी नाला ओलांडून गेले.
चटका बसेल इतका गरम दगड बसायला दिला
आणि त्यावर घाईने एक गोणपाट.
घरं मोजली. सदतीस.
एका घरात दोन चुली होत्या,
त्यावरून सासू-सून भांडल्या,
मी एकच धरली.

रात्री पहिल्या रकान्याकडे परत आले.
दोनशे बारावर आडवी रेघ,
वर दोनशे एकोणपन्नास,
बाजूला माझी सही.
पंचायत समितीतून फोन येईल,
खाडाखोड का, विचारतील.

सतरावा अजून कोरा आहे.
मुदत शनिवारपर्यंत.