दोन थापा

ट्रेलरच्या पत्र्यावर दोन थापा म्हणजे
माल भरला, निघ.
आमच्या धंद्यात बोलणं एवढंच.

ग्लिवित्सेच्या गोदामात, फेब्रुवारीत, पहाटे चारला
मी दोन थापा ऐकल्या.
त्या आठ नंबरच्या दारावरच्या होत्या.
माझी गाडी सात नंबरला होती.

पायाखालची जमीन सरकली, असं लोक सहज म्हणतात.
विजेचं बिल जास्त आलं तरी म्हणतात.
मी ती खरोखर सरकवली,
पहिल्या गिअरमध्ये,
दीड हात.

आत गिंटर उलट्या पावलांनी येत होता,
मागोमाग ओढत होता ट्रॉली,
तीवर खारवलेल्या काकड्यांच्या बरण्या, सातशे किलो.
उलटं चालणाऱ्याला डोळे असून नसल्यासारखे,
त्याला चालवते ती सवय.
सवय सांगत होती, आता लोखंडी पाटी,
आता ट्रेलरची फळी.

आरशात मला काहीच दिसलं नाही.
ऐकू आल्या त्या बरण्या.

एकोणीस वर्षं तो कोळशाच्या खाणीत होता,
साडेसहाशे मीटर खाली.
रोज उतरला, रोज वर आला,
एका नखालाही इजा नाही.
खाण बंद झाली आणि तो इथे आला,
आणि पडला
चार फुटांवरून.

दहाव्या मजल्याला सगळेच भितात.
कमरेएवढ्या उंचीला कोण भिणार?
तिथे आपण पाय सोडून बसतो, डबा खातो,
हाक आली की खाली उडी मारतो.

ट्रॉलीचं चाक कडेला अडकलं
म्हणून गिंटर आहे. खुब्यात तीन खिळे घेऊन.

दवाखान्यात मी संत्री नेली.
त्याच्या बायकोनं, रोझवितानं, ती घेतली, धुतली,
आणि खिडकीत मांडून ठेवली. सोलली नाहीत.
गिंटरनं विचारलं,
"चावी कुठं होती?"
"गाडीतच."
"मग तुझी चूक नाही. चावीची जागा चुकली."
"याचीही आहे," रोझविता म्हणाली,
माझ्याकडे न बघता.

मग त्यानं खाणीतल्या फळीची गोष्ट सांगितली.
प्रत्येकाचा पितळी बिल्ला, त्याचा बावीसशे चौदा.
उतरताना खिळ्याला लावायचा, वर आल्यावर काढायचा.
एकदा संध्याकाळी एक बिल्ला राहिला
तर अख्खी पाळी अंघोळ न करता उभी राहिली.
कोणाचा, ते त्यानं सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.

साहेब म्हणाले, गाडीमागे चार मिनिटं जातील,
दिवसाला ऐंशी गाड्या, हिशेब करा.
गिंटरनं काठी टेकत हिशेब केला:
बारा खिळे, घरून आणलेले.
हातोडा गोदामाचाच होता.

आता चाकाला लाकडी पाचर.
रिकाम्या दाराला पिवळी साखळी,
जिला नवखी पोरं ओलांडून जातात
आणि शिव्या खाऊन परत येतात.
आणि चावी गिंटरच्या खिडकीत.
माल भरून झाला की तो लंगडत उठतो,
ट्रेलरमध्ये स्वतः डोकावतो,
माणसं मोजतो,
कधी कधी दोनदा मोजतो,
मग चावी देतो.

काल एक पोरगा कुरकुरला, लांबून आला होता,
"चार फुटांसाठी एवढं सोंग?"
गिंटर काही बोलला नाही.
खिडकीच्या पत्र्यावर त्यानं काठी आपटली,
दोनदा.

मी रांगेत उभा होतो, हात रिकामे,
चावी त्याच्यामागे खिळ्याला.
तरी माझा डावा पाय
फरशीवर
क्लच शोधायला लागला.