गोठू द्यायचं नाही

पुलाच्या अलीकडे सू, पलीकडेही सू.
एकाच नावाची दोन गावं, मधे नदी,
आणि नदीच्या मधोमध कुणालाच न दिसणारी रेघ.
रेघेच्या आमच्या बाजूला तीच बाटली
तिकडच्यापेक्षा कितीतरी पट महाग.
का, ते मला विचारू नका.
मी शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर बटाटे सोलले;
मला वजाबाकी येते, कारणं येत नाहीत.

आर्व्होला मोतीबिंदू, म्हणून गाडी मी चालवते.
टोल तो देतो, सुटी नाणी मोजून.
कॉफी माझ्याकडे.
आज वजा वीस. वायपर कुरकुरतात.
खाली कालव्याचे दरवाजे मार्चपर्यंत बंद;
एकतीस वर्षं त्याने तेच उघडले, तेच मिटले,
खनिजाने भरलेली जहाजं एक पायरी वर, एक पायरी खाली.
तो खिडकीतून बघत नाही.

औषधाच्या दुकानातली मुलगी नवी.
"रुग्णाचं नाव?"
"रुसीना."
"आडनाव?"
तो जरा थांबला. "निस्कानेन."
"जन्मतारीख?"
आता काय सांगणार!
"बटाटे काढायचे दिवस होते," तो म्हणाला, "बारा वर्षांपूर्वी,
लाकडाच्या शेडमध्ये. तीन पिल्लं. त्यातली ही उरली."
मुलीची बोटं कीबोर्डवर थांबली.
मग तिला कळलं, आणि ती हसली नाही.
त्याबद्दल मी तिला अजून मनातल्या मनात दुवा देते.

सकाळी एक युनिट, संध्याकाळी एक.
मुंगीची आंघोळसुद्धा होणार नाही एवढं.
आधी कानाच्या कडेला टोचून रक्ताचा ठिपका,
मग मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई.
रुसीना रुसते, शेगडीमागे जाऊन बसते,
ट्यूनाचा डबा वाजला की मान ठेवून परत येते.
आर्व्होची बोटं खुंट्यांसारखी जाड,
पण सुई धरताना थरथरत नाहीत.
ती सवय आधीची.

त्याबद्दल तो एकदाच बोलला, टोलच्या रांगेत,
समोरच्या ट्रकच्या मडफ्लॅपकडे बघत:
"पाण्याचं भांडं सारखं रिकामं व्हायला लागलं, तेव्हाच ओळखलं मी.
हिल्काही रात्रीची उठून नळ सोडायची."

पुढचं मला माहीत होतं. सगळ्या गल्लीला होतं.
शेवटच्या वर्षी हिल्का अर्धीच मात्रा घ्यायची,
छपराचं काम काढलं होतं म्हणून.
त्याला सांगायची, घेतली पूर्ण.
ती गेल्यावर फ्रिजच्या दारात, लोण्याशेजारी,
दोन बाटल्या सापडल्या, सील न तोडलेल्या.
पुढच्या वर्षाची बेगमी.

"पूल तेव्हाही होता," आर्व्हो म्हणाला.
ट्रक सरकला. मी गिअर टाकला.

परत येताना खिडकीतल्या अधिकाऱ्याने विचारलं, काय आणलंत?
"मांजराचं औषध. आणि चीज."
चीज माझं होतं, मागच्या सीटवर.
"आणि औषध?"
आर्व्होने कोटाची बटणं सोडली. मग स्वेटर वर केला.
मग शर्टाचं एक बटण.
आतल्या फ्लॅनेलच्या खिशात, छातीला चिकटून, डबी.
कारण गोठलं की गेलं;
मग ते औषध नाही, नुसतं महाग पाणी.
आणि माझ्या गाडीचा हीटर म्हणजे लहर लागली तर.

अधिकाऱ्याने हात पुढे केला. हातमोजा होता, बर्फाने पांढरा.
मागे घेतला.
"बटणं लावा आजोबा," तो म्हणाला, "वारा शिरतोय."

घरी रुसीना खिडकीत नव्हती.
आर्व्होने बूटही काढले नाहीत.
डबी फ्रिजमध्ये ठेवली, दारात नाही,
खालच्या कप्प्यात, गाजरांपाशी.
मग फरशीवर पाणी सांडत तसाच उभा राहिला
आणि वाकून तिचं भांडं पाहिलं.
सकाळी भरलेलं,
अजून जवळजवळ काठापर्यंत.