किलोला किती

रुवीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत,
जिथे डोंगर इतका जवळ की दुपारी त्याची झळ
काउंटरच्या काचेला लागते,
तिथे मी बोटीने गावी खोकी पाठवणाऱ्या कंपनीसाठी
वेबसाइटचा मराठी मजकूर लिहीत होते.

पहिल्या दिवशी लिहिलं:
‘अंतर मिटवणारं, विश्वासाचं, जिव्हाळ्याचं नातं.’
थंपीसाहेबांनी मान डोलावली.
‘अजून थोडं हृदय पाहिजे,’ म्हणाले.
मी हृदय घातलं. मग क्षितिज. मग एक पूल.
दर कुठेतरी तळाला,
तोही ‘संपर्क साधा’च्या आड.
नमनालाच घडाभर तेल.

जनू घडशी, सळ्या बांधणारा,
बरक्याहून सुट्टीच्या दिवशी आलेला.
त्याला म्हटलं, बघ तरी कसं झालंय.
तडा गेलेल्या फोनवर त्याचा अंगठा
वर, वर, वर सरकत राहिला,
आटलेल्या विहिरीतून पोहरा ओढावा तसा.
मग फोन खिशात टाकून त्याने मलाच विचारलं,
‘बाई, किलोला किती?’

मागे मुनाफ सारंग खोकं भरत होता.
हर्णैचा. एकवीस वर्षं हेच काम.
जनूचं सामान त्याने आधी जमिनीवर मांडलं:
दूध पावडरीचे दोन डबे, टँग, बदाम, विजेरी,
इस्त्री, दुहेरी ब्लँकेट,
आणि चालताना दिवे लागणारे मुलीचे बूट.
बुटांत बामाच्या बाटल्या सारल्या.
ब्लँकेटची दुकानातली घडी मोडली, इस्त्रीभोवती गुंडाळली.
इस्त्रीचं रंगीत पुठ्ठं बाजूला भिरकावलं.
जनू कळवळला, त्यावर बाईचं चित्र होतं.
‘वारा नको पाठवू रे,’ मुनाफ म्हणाला,
‘खोक्यात वारा राहिला की बाकीचं आपटतं.’

रात्री मी ‘जिव्हाळा’ उचलून हलवून पाहिला.
पूल काढला. क्षितिज काढलं.
हृदय काढताना थंपीसाहेब आठवले,
तरी काढलं.

किलोला सातशे बैसा.
रुवी ते रत्नागिरी जिल्हा, घरपोच: चाळीस दिवस.

‘तीस लिहा,’ थंपीसाहेब म्हणाले, ‘समोरचा अठ्ठावीस लिहितो.’
मुनाफने टेपचा करकराट थांबवला नाही.
‘चाळीस लिहा, बाई.
चाळीस लिहून पस्तिसाव्या दिवशी पोचलं तर घरचे दुवा देतात.
तीस लिहून बत्तिसाव्याला पोचलं
तर फोनवर माझी आई काढतात.’

काच पाठवू नका. फुटते.
इथे ‘कृपया’ हवं का, यात अख्खी संध्याकाळ गेली.
घातलं. काढलं. घातलं.
आता आठवत नाही, शेवटी आहे की नाही.

बटणावर ‘पुढे जा’ होतं.
कुठे पुढे? जनूला पुढे जायचं नव्हतं,
त्याला कुणीतरी कॅम्पवर यायला हवं होतं.
मी लिहिलं: ‘खोकं न्यायला या.’
‘हे बटण आहे की हाक?’ थंपीसाहेबांनी विचारलं,
आणि उत्तराची वाट न बघता चहा सांगितला.

तोवर मुनाफने जाड मार्करने खोक्यावर लिहिलं होतं,
ओळी खाली घसरत गेलेल्या, अक्षर शाळा सुटलेलं:
‘सुनंदा जनू घडशी, मु. पो. निवे,
देवळाच्या उतारावर. कडी असेल तर हाक मारा,
परड्यात असते.’
मी ते दोनदा वाचलं.
त्यात खोडायला काही सापडेना.

पान बुधवारी चढलं.
घाईत नंबर माझाच राहून गेला होता.
गुरुवारी रात्री साडेअकराला सोहारहून फोन.
नाव नाही, गाव नाही. पाठीमागे एसीची घरघर, कुणाचं तरी घोरणं.
‘लिहिलंय ते खरं?’
‘हो.’
‘चाळीस?’
‘चाळीस.’
बराच वेळ नुसता एसी.
‘मग या,’ तो म्हणाला.
‘आणि येताना तुमचा काटा आणा.
इथला खोटं बोलतो.’