क्रमांक दोनशे चौदा

पोस्टर बांधायला सुतळी मिळाली नाही,
म्हणून आईच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा आणला.
फेब्रुवारी संपत आलेला.
अमरावती रोडच्या कॅम्पसात पळस पेटलेले,
कूलर अजून गोणपाटात,
आणि व्हरांड्यात आम्ही एकवीस जण उभे,
प्रत्येकाच्या पाठीशी
तीन फूट रुंद, चार फूट उंच
चार वर्षं.

बर्डीच्या फ्लेक्सवाल्यानं माझ्या 'कोष्टी'चं 'कोष्टक' करून ठेवलेलं.
रात्री अकराला मी ते पेनानं सुधारलं,
पण ऊन पडलं की खालचं दिसतंच.

शेजारी रोशन उईके, नाग नदीच्या सहा बाटल्या घेऊन,
उगमापासून पारडीपर्यंत.
पहिली पाण्यासारखी, सहावी चहासारखी.
झाकण उघडू नये अशी चिठ्ठी होती.
आकडे कोणी वाचले नाहीत,
वास मात्र सगळ्यांनी घेतला.

पलीकडे फरहीन कुरेशी.
मोरभवनला उभं राहून तिनं अकराशे बसची वाट पाहिली
आणि त्या वाट पाहण्याचा
एक देखणा वक्र काढला.
परीक्षक पाऊण तास उशिरा आले.
"हे पण मोजू का?" ती माझ्या कानात म्हणाली.

माझ्यापाशी ते तीन मिनिटं थांबले.
नमुना किती?
चौतीस विणकर, सर. मागाचे दोनशे तेरा शब्द.
त्यातले एकोणीस आता नाहीत.
शब्द?
नाही सर, विणकर.
उपयोग काय?
जतन, म्हणाले मी.
त्यांनी कागदावर काही लिहिलं,
'जतन'हून लहान.

मग तर्री पोह्यांचा वास आला
आणि ज्ञान जिथल्या तिथे सोडून
सगळे खाली गेले.

निखारे काका तेव्हा आले,
दोन नंबर गेटचे,
खिशात शिट्टी.
विजेचं बिल वाचावं तसं ओळीखाली बोट धरून वाचू लागले.
धोटा. बरं.
फणी. बरं.
कांडी. बरं.
बोट थांबलं.
"हे कोनं सांगतलं तुले?"
पाचपावलीचे धकाते आजोबा.
"गणपत? तो रंगारी व्हता बाई.
त्याले सुताचा रंग समजे,
भार नाई समजे."

तुम्हाला कसं माहीत, असं विचारायचं राहूनच गेलं,
कारण त्यांचा डावा हात पुढे झाला होता
आणि हवेतला धोटा झेलून
परत फेकत होता.
"डाव्या हातात आला का वजनावरूनच कळे
कांडीत सूत किती उरलं ते.
पाहा लागे नाई.
गोळीबार चौकात चार माग व्हते आमचे.
मंग हे," आणि त्यांनी शिट्टीवर टिचकी मारली.

चार वर्षं मी चौतीस माणसं शोधत
स्कूटीवर शहर पालथं घातलं,
आणि रोज सकाळी पस्तिसाव्याला
ओळखपत्र दाखवून आत आले.

वारा सुटला. डावीकडचा दोरा तुटला,
माझे शब्द कलंडले, एका कोपऱ्यावर लोंबले.
काकांनी दोन्ही टोकं चिमटीत धरली.
अंगठा ओला केला.
काय केलं ते दिसलं नाही,
पोस्टर सरळ झालेलं दिसलं.
मी दोऱ्यावरून नख फिरवलं,
मग डोळे मिटून बोट फिरवलं.
गाठ सापडेना.

काका, या गाठीला काय म्हणतात?
ते खरंच विचारात पडले,
माझ्या परीक्षकांपेक्षा जास्त वेळ.
"नाव? नाव कायचं?
हात करे."

बक्षीस फरहीनच्या वक्राला.
रोशननं बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या, नळ बराच वेळ सोडून ठेवला.
मी दोरा कापला नाही,
खिळ्यावरून अलगद काढला.
घरी यादी उघडली. सात नंबरच्या आजोबांपुढे
'रंगारी' लिहिलं. त्यांनी सांगितलेल्या अकरा शब्दांखाली
पेन्सिलनं रेघ ओढली.
मग २१४.
आणि पुढे कोरं.

दुसऱ्या दिवशी गेटवर
काकांनी ओळखपत्र मागितलं.
दाखवलं.
मग पिशवीतून वही काढली
आणि त्यांच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीशेजारी
पायरीवर बसले.